लाइन गेली तेव्हा

मे २००३. पांढुर्ण्यात दुपारचे अडीच वाजलेत आणि तुम्ही एका आडत्याच्या गोदामावरच्या खोलीत उभे आहात. वर यायचा जिना लोखंडी, कठड्याला हात लावाल तर पोळेल. खाली मृग बहाराचा माल कधीच निघून गेलाय. उरलेत ते लाकडी खोक्यांचे ढीग, वाळल्या तणसाचा वास आणि हिशेब. इथली संत्री दिल्लीला जातात, कोलकात्याला जातात, आणि जाताना सगळी ‘नागपुरी’ होतात. पैसे मात्र परत येताना पांढुर्ण्याचाच पत्ता शोधत येतात, तेही रमतगमत.

हे दुकान गावात शोधू नका. असली दुकानं पेठेत दहा होती.

खिडकीतल्या कूलरचं ओलं वारं जिथे पोचतं, बरोब्बर तिथे कम्प्युटर मांडलाय. माणसांना त्याच्यानंतर जागा. नागपूरहून, सीताबर्डीच्या एका दुकानातून, जुना आणलेला डबा. मेमरी ३२ एमबी, विंडोज ९८. समोर आडत्याचा भाचा. बारावी झाली, ‘क्लास’ झाला, आता मामाच्या वह्या एक्सेलमध्ये उतरवतोय. फ्लॉपी ड्राइव्ह घरघरतोय, म्हणजे तो आत्ता सेव्ह करतोय. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघू शकता. त्याला तुम्ही दिसत नाही.

आणि लाइन जाते.

इथे वीज जात नाही, लाइन जाते. ती रोज जाते, आणि याच वर्षाच्या डिसेंबरात बिजली-सडक-पानीच्या ओरड्यात भोपाळचं सरकारही जाणार आहे. खालचा यूपीएस तीनदा कुंई-कुंई करतो आणि मान टाकतो. त्याची बॅटरी दिवाळीपासून बदलायची आहे.

“लाइन गेली ना बाप्पा!”

“सेव्ह केलतं का नाही?” मामा खालूनच ओरडतात.

“करतच होतो ना मामा.”

“करतच होतो म्हंजे नाही केलं.”

आता घाई करा, हाताशी फार तर काही सेकंद आहेत. डब्याच्या आत शिरा, मेमरीच्या हिरव्या पट्टीवर. इथे कोट्यवधी मडकी रांगेने ठेवलीत, आणि एकूणएक गळकी आहेत. भरलेलं मडकं म्हणजे एक, रिकामं म्हणजे शून्य. मडकी गळतात हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने पाणक्या ठेवलाय: दर ६४ मिलिसेकंदांत तो सगळ्या रांगांवरून एकदा फिरतो, ज्यात थोडं तरी पाणी आहे ते काठोकाठ भरतो, जे रिकामं ते रिकामंच सोडतो. लाइन गेली आणि पाणक्या जागच्या जागी थबकला. पण मडकी त्याच क्षणी कोरडी पडत नाहीत. एखादं लगेच आटतं, शेजारचं अजून अर्धं आहे. तुमच्या डोळ्यांदेखत शेवटची ओळ विरघळतेय: एका शेतकऱ्याचं नाव, लोधीखेड्याचा पत्ता, खोक्यांचा आकडा. आधी आकड्यातला एखादा अंक बदलतो, मग नावातला काना जातो. या खोलीत आत्ता चव्वेचाळीस डिग्री आहे, आणि उन्हाळ्यात मडकी कशी आटतात हे पांढुर्णेकरांना कोणी सांगायला नको.

लाइन गेली की इथे पंखा थांबतो. तुमचा काळ मात्र सुटतो.

फेब्रुवारी २००८, अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ. बाहेर कडाक्याची थंडी. टेबलावर उघडा लॅपटॉप, आणि एका तरुण संशोधकाच्या हातात की-बोर्डमधली धूळ उडवायचा वायूचा डबा. तो डबा उलटा धरतो. उलटा धरला की वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि मेमरीच्या पट्टीवर पांढरं दव साचतं. उणे ५० अंश सेल्सिअस. मग तो लॅपटॉपची वीज तोडतो, पट्टी उपसून काढतो आणि मजेत दुसऱ्या यंत्रात बसवतो. दहा मिनिटं विजेविना राहिली तरी शंभरातला एक बिटही धड बिघडलेला नाही. द्रव नायट्रोजनमध्ये तासभर बुडवून ठेवली, तेव्हा बिघाड ०.१७ टक्के. अॅलेक्स हॉल्डरमन, एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेमरीत मोनालिसाचं चित्र भरून ठेवलं होतं. वीज तोडल्यावर पाच सेकंदांनी ती जवळपास जशीच्या तशी, तीस सेकंदांनी धूसर, मग पट्ट्यापट्ट्यांत हरवलेली. कुलूपबंद केलेल्या डिस्कची किल्ली याच मडक्यांत असते. तोवर जग समजत होतं, बंद केलं म्हणजे पुसलं.

जुनी पट्टी नव्या पट्टीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवते, हेही त्यांनी पाहिलं. म्हणजे सीताबर्डीच्या त्या जुनाट डब्याला थोडी आशा होती. पण पांढुर्ण्यात मे महिन्यात उणे ५० कुठून आणणार? बर्फाचा गोळा मिळाला असता.

परत २००३. संध्याकाळी सातला लाइन आली. भाच्याने बटण दाबलं आणि पडदा निळा झाला: विंडोज नीट बंद केली नव्हती, आता स्कॅनडिस्क चालणार. तो वाचत नाही, एंटर दाबतो. या निळ्या पडद्यामागे काय चाललंय ते तुम्ही बघा. डिस्कवरचे जे तुकडे कोणाचेच नाहीत, ज्यांचं नाव-गाव लाइन जाताना हरवलं, ते गोळा करून स्कॅनडिस्क त्यांना क्रमांक देतोय: फाइल शून्य-शून्य-शून्य-शून्य, शेवटी सीएचके. जत्रेत चुकलेल्या पोरांना चौकीत बसवतात तसं. बहुतेक लोक या फायली कचरा समजून उडवतात. तपासणारा पहिल्यांदा त्याच उघडतो.

फ्लॉपीवर दोन फायली दिसतात. एकीचं नाव हिसाब, दुसरीचं नाव म्हणजे नुसते आकडे. सेव्ह करताना एक्सेल आधी अशी आकडेवाली तात्पुरती फाइल लिहितो आणि सगळं पार पडलं की तिला खरं नाव देतो. इथे ते पार पडलंच नाही. भाचा दोन्हींकडे बघतो, डोकं खाजवतो आणि नको ती उडवतो. फ्लॉपीवरून उडवलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही. ते जातंच.

“काय झालं बे?”

“काही नाही मामा.”

त्याला इथेच सोडा. मशीन बंद करताना पडद्यावर संत्र्याच्या रंगाची अक्षरं येतात: आता तुमचा कम्प्युटर बंद करायला हरकत नाही. संत्र्याच्या गावात तो रंग कोणाच्या नजरेत भरत नाही.

मध्ये एक धावती भेट. १ ऑक्टोबर २०१३, सॅन फ्रान्सिस्को, ग्लेन पार्कचं वाचनालय. एक बाई आणि एक माणूस तुमच्या पाठीमागे अचानक भांडायला लागतात. टेबलाशी बसलेला तरुण वळून बघतो, आणि तेवढ्यात समोरून एक हात त्याचा लॅपटॉप ओढून घेतो, उघडाच्या उघडा. तरुणाचं नाव रॉस उलब्रिक्ट, इंटरनेटवर सिल्क रोड नावाचा चोरबाजार चालवणारा. भांडणारं जोडपं पोलिसांचं. एवढं नाटक कशासाठी? झाकण मिटलं असतं तर डिस्क कुलपात गेली असती, आणि हाती आला असता नुसता विटेएवढा धातू.

आपल्याकडची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे घात होतो तो बहुतेक वेळा झाकण मिटून नव्हे, उघडून.

नोव्हेंबर २०१५, सौंसर. छिंदवाडा-नागपूर छोट्या गाडीचे हे शेवटचे दिवस. महिनाअखेर ती रूळ रुंद करायला बंद पडणार आहे, म्हणून माणसं उगाचच तिकीट काढून एक फेरी मारून येताहेत. शनिवार आहे, जामसावळीला झोपलेल्या मारुतीच्या दर्शनाला निघालेल्यांची रस्त्यावर गर्दी आहे. तुम्ही मात्र एका बी-बियाण्याच्या दुकानात उभे आहात. दोन भागीदार, सख्खे साडू. एक म्हणतो, उधारीची यादी भांडणानंतर रचली. दुसरा म्हणतो, ती दोन वर्षं मशीनमध्ये पडून आहे. भांडण झालं त्या रात्री कुणीतरी रागाने मागची वायरच उपटली, आणि यंत्र तेव्हापासून तसंच बंद आहे.

रागात का होईना, झालं ते उत्तम झालं. जप्तीचा जुना नियम हेच सांगतो: बंद असेल तर बंद ठेवा, चालू असेल आणि मेमरी उचलणारं कोणी हाताशी नसेल, तर मेनूतून सभ्यपणे बंद करू नका, सरळ वायर काढा. तीही भिंतीतली नाही, डब्याच्या मागची, कारण मध्ये इन्व्हर्टर असतो आणि तो यंत्राला मरू देत नाही. सभ्यपणे बंद होताना विंडोज घरभर झाडू मारते. वायर उपटली की केर जिथल्या तिथे राहतो, आणि तपासणाऱ्याला केरच हवा असतो.

पण आता पुतण्या आलाय. एकवीस वर्षांचा, इंदूरला शिकतो.

“काका, नुसतं बघतो ना. काई नाई करत.”

तुम्ही ओरडता. ऐकू कोणाला जाणार? त्याने बटण दाबलं. ‘काई नाई’ म्हणजे काय ते मोजा. विंडोज उठताना नोंदवह्या उघडते आणि त्यांच्यावर आजची तारीख घालते, अदलाबदलीची मोठी फाइल नव्याने वापरायला घेते, अँटिव्हायरस एकेका फाइलला हात लावून येतो. पुसलेल्या फायली डिस्कवर असतात त्या केवळ जागा रिकामी पडलीय म्हणून; त्या जागेवर आता नवे भाडेकरू येताहेत. पुतण्याने यादी उघडली, बघितली, बंद केली. बघताना सवयीने कंट्रोल-एस दाबलं. दोन वर्षांच्या यादीवर आता आजची वेळ चढली.

तो खोटारडा नाही. पण यानंतर ज्याला यादी खोटी ठरवायची आहे, त्याच्या वकिलाला दुसरं काही लागणारच नाही.

मग यंत्र जप्त होतं, कापडात बांधलं जातं, गाठीवर लाख तापवून सील होतं, पंचांच्या सह्या होतात. आता तुम्ही प्रयोगशाळेत आहात. कोणत्या, ते सांगत नाही. राज्याची मोठी न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला, पण अशी खोली कुठेही असू शकते: थंड, खिडकी नसलेली, भिंतीला लागून गाठोडी. तपासणारी बाई सील मोडते आणि डिस्क बाहेर काढते. यंत्राचं बटण ती दाबत नाही, या सगळ्या वेळात एकदाही नाही. डिस्क आणि तिच्या कम्प्युटरमध्ये एक छोटी पेटी आहे. त्या पेटीतून वाचता येतं, लिहिता येत नाही. मग बिटला बिट लावून सगळ्या डिस्कची प्रत, रिकाम्या जागेसकट, आणि त्या प्रतीचा हॅश: चौसष्ट अक्षरांची एक ओळ, प्रतीतला एक स्वल्पविराम हलला तरी पार बदलणारी. मूळ डिस्क पुन्हा गाठोड्यात. पुढचं सगळं काम प्रतीवर.

ती शोधपेटीत देवनागरीत ‘संतरा’ टाकते. दुकानदार साइड-धंदा म्हणून संत्र्याची रोपंही विकायचा, म्हणून. उत्तर: शून्य ठिकाणी.

इथे बाहेरचं महागडं सॉफ्टवेअर हात टेकतं आणि गावचा माणूस लागतो. त्या काळी मध्य प्रदेशातल्या दुकानांत, कचेऱ्यांत हिंदी टंकायची ती कृतिदेवमध्ये. कृतिदेव दिसायला देवनागरी. आत यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं. पडद्यावर ‘संतरा’ वाचता तेव्हा डिस्कवर पडलेलं असतं एल, ए, आर, जे, के. फाइल धड असेल तर तिच्यासोबत फाँटचं नाव असतं आणि सगळं नीट दिसतं. पुसलेल्या फाइलचा अर्धा तुकडा सापडला, तर त्यावर फाँटचं नाव नसतं. उरते ती अर्थहीन इंग्रजी रांग, आणि ज्याला माहीत नाही तो ती केर समजून पुढे जातो. बाई टायपिंगच्या परीक्षेला बसलेली आहे. ती पाच इंग्रजी अक्षरं टाकते.

एकेचाळीस ठिकाणी.

त्यातली बरीच आहेत फायलींच्या मागच्या अंगणात. डिस्क जागा ठरावीक मापाच्या खोल्यांनी देते. पत्र छोटं असलं तरी खोली पूर्ण मिळते. नव्या पत्राने खोलीचा पुढचा भाग भरला, मागच्या भागात जुन्या पत्राची शेपटी तशीच पडलेली. पुतण्याने बटण दाबल्यामुळे बरंच पुसलं गेलं, पण शेपट्या राहिल्या, आणि एका शेपटीत उधारीच्या यादीच्या सहा ओळी आहेत. त्या ज्या खोलीत सापडल्या, तिच्यातलं वरचं पत्र २०१४ चं. म्हणजे यादी त्याआधीची. साडू नंबर दोन खरं बोलत होता. निदान सहा ओळींपुरतं.

मग हे सगळं न्यायालयात न्यायचं, आणि तिथे प्रश्न वेगळा असतो. त्यासाठी जालन्याला चला, २७ सप्टेंबर २०१४. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. तुमच्या डोक्यावर व्हिडिओ कॅमेरा आहे आणि तो सगळं टिपतोय. अर्जुन खोतकर इथून २९६ मतांनी निवडून येतील, कैलास गोरंट्याल हरतील, आणि मग भांडण उभं राहील ते या दुपारच्या मिनिटांवर: अर्ज तीनच्या आत आला की नंतर? चित्रण आहे, सीडी आहेत, पण ते चित्रण खरं असल्याचं, साक्ष कायद्याच्या पासष्ट-ब कलमाखालचं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने सांगितलं: मूळ यंत्रच हजर केलं नाही तर प्रमाणपत्र लागणारच, मात्र ज्याने सगळे दरवाजे ठोठावले आणि तरी ते मिळालं नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी अडवता येणार नाही. देशभरातल्या गाठोड्यांचं भवितव्य जालन्याच्या एका दुपारवर ठरलं. मोसंबीच्या गावाने संत्र्याच्या गावाला दिलेला धडा म्हणा हवं तर. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमात तर प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश लिहायची जागा आहे.

ती जागा किती महत्त्वाची, हे पांढुर्ण्याहून दोन तासांवर, नागपुरात कळतं. १७ एप्रिल २०१८, पहाट. वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घरी पुणे पोलिसांची झडती, एल्गार परिषद प्रकरणात. यंत्रं बाहेर येताहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतली आर्सेनल कन्सल्टिंग ही संस्था आरोपींच्या वकिलांकडून आलेल्या प्रती तपासून म्हणेल की, आधी सहआरोपी रोना विल्सन आणि मग गडलिंग यांच्या यंत्रांत नेटवायर नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरने बाहेरून फायली ठेवल्या गेल्या. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही, आणि खरं-खोटं न्यायालयानेच ठरवायचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र घराच्या उंबऱ्याबाहेर पडण्याआधी ती चौसष्ट अक्षरं घरमालकाच्या हातात कागदावर पडायला हवीत. सगळ्यांच्याच घरी. मग पुढे कोणी काहीही म्हणो.

आता शेवटची उडी, आजच्या पांढुर्ण्यात. ऑक्टोबर २०२३ पासून हा जिल्हा आहे, सौंसर त्यात आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ते अजून तसंच आहे. फक्त वरून कॅमेरे बघतात. कॅमेऱ्याची पेटी जुनं चित्रण पुसून नवं लिहीत जाते, म्हणून तिथे नियम एकच, पेटी लवकर बंद करा. आणि दुकानातल्या नव्या लॅपटॉपमध्ये फिरती डिस्कच नाही, चिप आहे. तिच्यात फाइल उडवली की विंडोज चिपला कळवते, आणि चिप फावल्या वेळात त्या खोल्या स्वतःच झाडून ठेवते. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल आणि बॉडिंग्टन यांनी दाखवलं की त्या पेटीचा, लिहू न देणाऱ्या पेटीचा, इथे उपयोग नाही. चिपला नुसती वीज मिळाली तरी झाडलोट आतल्या आत सुरू होते. जुनी डिस्क दुसऱ्याच्या हाताने विसरायची. ही आपणहून विसरते, आणि तिला विसरायला लाइन लागते.

लाइन आता पूर्वीसारखी जात नाही. तरीही आत्ता, एवढ्यात, गेली.

मे २००३, रात्रीचे नऊ. भाचा क्लासच्या सरांकडून डॉसची एक जुनी फ्लॉपी घेऊन आलाय. फाइल उडवल्यापासून त्याने हिशेबाच्या फ्लॉपीवर काहीही लिहिलं नाही, भीतीने, आणि तीच गोष्ट कामी येणार आहे. डॉस फाइल पुसतो म्हणजे नावाचं पहिलं अक्षर खोडतो आणि खोल्या रिकाम्या झाल्याची नोंद करतो, बाकी काही नाही. काळ्या पडद्यावर तो अनडिलीट लिहितो. थांबतो. यंत्र विचारतं: पहिलं अक्षर कोणतं? प्रश्नचिन्ह, मग आय, एस, ए, बी.

मामा मागे येऊन उभे राहिलेत. बनियनवर, हातात पंखा.

“एच टाक ना बे. हिसाबच होता ना?”

यंत्राला कोणतंही अक्षर चालतं, ते पडताळून बघत नाही. भाच्याला हे ठाऊक नाही, त्याचं बोट घामेजलंय. एच. फ्लॉपी घरघरते, थांबते, पुन्हा घरघरते. मग त्या खोलीत नावं खाली उतरायला लागतात, सौंसरची, मोहगावची, लोधीखेड्याची. शेवटची ओळ अर्धी.

मामा वाकून बघतात. बाहेर ट्रान्सफॉर्मर हुंकारतो आणि बल्ब एकदा मिचकावतो.

“आधी सेव्ह कर,” मामा म्हणतात.